सिदाप्पाचे मोकळे पाणी

ज्याच्या आठ मूर्तींपैकी जलमूर्तीला 'भव' असे नाव आहे, जो मस्तकी गंगा धारण करूनही एका बेलपानाने आणि तांब्याभर पाण्याने संतुष्ट होतो, त्या महादेवाला प्रथम वंदन करतो आणि मग लेखणी हाती घेतो. निमित्त लहानच आहे. यंदाच्या श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आमच्या ओढ्याकाठच्या देवळात मी रुद्र म्हणावयास बसलो. ओढा कोरडा, म्हणून अभिषेकाचे पाणी दुसऱ्या गावाहून बैलगाडीवरच्या पिंपातून आले होते. पुजारी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शास्त्रीबुवा, अकराच तांबे हायती. बेतानं." मी अकरा आवर्तने अकरा तांब्यांत बसविली. मुखाने मंत्र चालला होता, पण डाव्या हाताची बोटे तांबे मोजीत होती. सातव्या तांब्याला मला सिदाप्पा आठवला. बोटे थांबली, आणि सांगावयास संकोच वाटतो, मंत्रही क्षणभर थांबला. त्या थांबलेल्या क्षणाचे प्रायश्चित्त म्हणून हे लिहीत आहे.

सिदाप्पा आमच्या गावचा पाटकरी. ओढ्यावरच्या जुन्या बंधाऱ्यातून निघणारे पाणी पाटाने शेतोशेती पोचवायचे, ज्याची पाळी त्याच्या शेताचे दारे फोडायचे आणि पाळी सरली की फावडेभर चिखलाने ते बुजवायचे, एवढेच त्याचे काम. अंगाने काटक, वर्णाने पाटाच्या तळच्या चिखलासारखा, कपाळी विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात तांबड्या फडक्यात बांधलेले लिंग. त्याच्या पायात वहाण मी कधी पाहिली नाही. "पाणी कुटं मुरतंय ते डोळ्याच्या आदी तळव्याला कळतंय," असे तो म्हणे. आमचे गाव सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या सडकेपासून दोन कोस आत. घरात कानडी, चावडीत मराठी अशी इथली रीत. सिदाप्पा पाण्याशी मराठी बोले आणि जिवांशी कानडी. समोरून माणूस येवो, म्हैस येवो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "ऊटा आयता?" जेवण झाले का? असे पुष्कळ जण विचारतात आणि पुढे जातात. सिदाप्पा उत्तरासाठी थांबत असे. म्हशीपाशीही थांबे.

पाटावर अठरा पाळ्या होत्या. दिवसाला दोन, एक सकाळची आणि एक दुपारची, असा नऊ दिवसांचा फेर. रात्री पाट बांधून ठेवीत आणि बंधारा भरू देत. पाळी मोजण्यासाठी सिदाप्पाकडे घड्याळ नव्हते. बंधाऱ्यावरच्या सपाट दगडाच्या भोकात तो आपली काठी उभी करी आणि तिची सावली पावलांनी मोजी. सावली आखूड होत पायाशी आली की सकाळची पाळी सरली. ती लांबत सात पावलांवर गेली की दुपारची सरली. फौजेतून निवृत्त होऊन आलेले एक पाळीदार होते. त्यांना सारे सुभेदार म्हणत. ते मनगटावर घड्याळ बांधून पाटावर आले आणि चारचौघांत म्हणाले, "सिदाप्पा, वैशाखात मला मिळालं त्याच्यापेक्षा मार्गशीर्षात पाऊण तास कमी मिळालं. घड्याळ खोटं बोलत नाही."

सिदाप्पाने ते घड्याळ हातात घेऊन कानाला लावले. मग परत दिले. "खोटं न्हाय बोलत, सुभेदार. पर त्येला थंडी वाजत न्हाय. दिवसाला वाजती. त्यो आखडतो."

सुभेदारही हसले. पुढे ते घड्याळ बांधून पाटावर आले नाहीत.

त्याच्या न्यायाला नातेगोते नव्हते. एका सणाच्या सकाळी त्याच्या बायकोच्या भावाने दुसऱ्याच्या पाळीत आपले दारे फोडून घेतले. सिदाप्पाने तेथे जाऊन ते बुजविले. संध्याकाळी तो त्याच मेहुण्याच्या घरी होळिगी, म्हणजे पुरणपोळी, जेवावयास हजर. मेहुणा चिडून म्हणाला, "सकाळी माझं पाणी तोडलंस, आन आता जेवाया आलास?" सिदाप्पा जेवणाच्या पाटावर बसत म्हणाला, "पाणी पाटकऱ्यानं तोडलं. जेवाया दाजी आलाय. तूप वाढ."

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले ती गोष्ट सांगतो. सकाळची पाळी सरली आणि दुपारची सुरू व्हावयाची, त्यांच्या मधल्या वेळात पाटाचे पाणी कोणाच्याही शेतात जात नसे. ते सरळ खाली सोडून देत. त्याला आमच्याकडे मोकळे पाणी म्हणत. ते प्रथम देवळाच्या कुंडात जाई, तेथून ढोरांच्या दगडी डोणीत, आणि डोण भरून वाहिली की वेशीबाहेरच्या वस्तीच्या आडाशेजारच्या खड्ड्यात मुरे. त्या मुरण्यावर तो आड जिवंत असे. वस्तीला जमीन नव्हती, म्हणून पाळी नव्हती. पाणी मात्र होते.

हे मोकळे पाणी किती वेळ चालावे? पाटकऱ्याची भाकरी होईपर्यंत. ही रीत कोणी घातली ते कोणास ठाऊक नाही. सिदाप्पा आपल्या काठीकडे पाठ करून पाटाच्या कडेला बसे. मोकळ्या पाण्याचा पहिला पसा डाव्या तळहातावरच्या लिंगावर घाली, मग कमरेचे फडके सोडून भाकरी मोडी. शेवटचा घास गिळून हात धुतला की उठून दुपारच्या पाळीचे दारे फोडी. तोवर कोणी त्याच्याकडे पाहायचे नाही. कारण आपल्याकडे माणसाचे घास मोजणे हे मोठे हीनपणाचे लक्षण मानतात. दुपारचा पाळीदार शेतात उभा असे, पण तो तोंड फिरवून उभा असे. फेर बदलला की सकाळचा पाळीदार दुपारचा होई, म्हणून मनातही कोणाला सल राहत नसे.

एकच बाई बोलत असे. वस्तीवरची सुंदरा. तिला सारे सुंदराक्का म्हणत. तिची जीभ तिखट होती. डोणीजवळून ती ओरडे, "सिदाप्पा, आज भाकरी लई लवकर सरली रं!"

"भूक लागली हुती, अक्का."

"उद्या भूक घरी ठिवून ये!"

आणि खरोखरच, चैत्र लागला की सिदाप्पाची भूक मंदावत असे. श्रावणात एक भाकरी खाणारा हा मनुष्य चैत्रवैशाखात तीन भाकऱ्या बांधून आणी, आणि एकेक घास गाईने रवंथ करावा तसा चावी. मी त्याला एकदा म्हणालो, "सिदाप्पा, या वयात तीन भाकऱ्या पोटाला झेपतात का?" तो म्हणाला, "पोटाला न्हाय झेपत, शास्त्रीबुवा. डोणीला झेपत्यात." बहात्तरच्या दुष्काळात पाटाचे पाणी करंगळीएवढे झाले, पण मोकळे पाणी एक दिवस चुकले नाही. त्या वर्षी तो दुपारी दोन-दोन घटका जेवत बसे आणि घरी जाऊन ओकत असे. हे त्याच्या बायकोने माझ्या घरी सांगितले.

त्याच सुमारास एके दुपारी त्याने मला विचारले, "दिलेलं मोजावं का, शास्त्रीबुवा?" मी पोथ्यांत मुरलेला मनुष्य. मला उत्तर देण्याचा अभिमान होता. मी म्हणालो, "मोजले की ते दान राहत नाही, सिदाप्पा. ती देवघेव होते." त्याने ते ऐकून दोन्ही हात जोडले. ते हात त्या दिवशी जोडले गेले नसते तर बरे झाले असते, असे मला आज वाटते.

दुष्काळ सरल्यावर दोनएक वर्षांनी सडका रुंद करण्याची कामे निघाली आणि त्यांना रेव हवी झाली. आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला गायरान होते. तेथे काळ्या मातीखाली दोन पुरुष खोल गोट्यांचा आणि रेवेचा थर होता. शहरातल्या एका ठेकेदाराने तेथे खाण मागितली. सिदाप्पाने मला त्या गायरानात नेऊन टाच आपटून दाखविली. "रेव म्हंजी पाण्याचं अंथरूण हाय. आपला झरा हितनं निजत निजत येतोय. अंथरूण उचललं तर निजणारा कुटं जाईल?" पण सडकही लोकांचीच होती आणि वरून मंजुरी निघाली होती. तिच्यात अट एवढीच की, खाणीमुळे ज्यांचे पाणी तुटेल त्यांना तितकेच बदली पाणी ठेकेदाराने द्यावे, आणि त्यासाठी गावच्या पाण्याच्या हक्कांची यादी व्हावी.

यादी करावयास जे साहेब आले त्यांच्याविषयी मी वाईट लिहू शकत नाही. तरुण, शांत, चहादेखील त्यांनी गावचा घेतला नाही. चावडीत सतरंजीवर बसून म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही लिहा. तुमचे अक्षर गावाला वाचता येते." म्हणून ती यादी माझ्या हातची आहे. सिदाप्पाने अठरा पाळ्या तोंडपाठ सांगितल्या. कोणाची सकाळ, कोणाची दुपार, किती पावलांची सावली. साहेबांनी स्वतःच्या घड्याळाशी सावली ताडून वेळ घातली. कोठे फरक पडला नाही.

"अठरा झाल्या," साहेब म्हणाले. "आणखी काही?"

"मदलं मोकळं पाणी हाय, साहेब."

"ते कुणाचं?"

"कुणाचंच न्हाय. म्हणून तर मोकळं."

"किती वेळ चालतं?"

"माझी भाकरी हुईस्तवर."

चावडी हसली. साहेबही हसले, पण त्यांनी विषय सोडला नाही. "भाकरीला किती वेळ लागतो? अर्धा तास? पाऊण? अंदाजानं सांगा. हे बघा, जे कागदावर येईल ते मी ठेकेदाराकडून देववीन. जे येणार नाही, त्याला मी काही करू शकणार नाही."

सिदाप्पाने हात जोडले. "त्ये लिवू नका, साहेब. अठरांचं हक्काचं हाय, ते लिवा. ह्ये दिलेलं हाय. दिलेलं मोजलं की ते दिलेलं ऱ्हात न्हाय. इचारा शास्त्रीबुवांना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. लेखणी माझ्या हातात होती. मी मान डोलावली.

दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे सुंदरा उभी होती. ती मोठ्याने म्हणाली, "आरं लिव म्हण की, सिदाप्पा! लिवलं म्हणून काय पाणी खारट हुतंय?" त्या चावडीत खरे शहाणपण तेवढेच बोलले गेले, आणि ते उंबऱ्याबाहेरून आले. सिदाप्पा तिच्याकडे वळून म्हणाला, "अक्का, म्या हाय तवर तुमचं पाणी तुटायचं न्हाय. शबूद हाय माझा." मग साहेबांनी यादीखाली आडवी रेघ मारावयास सांगितली. मी ती मारली.

खाण सुरू झाली. झरा महिन्याभरात बसला. ठेकेदाराने कराराप्रमाणे खाणीतल्या पाण्यावर डिझेलचे इंजिन बसविले आणि त्याचे पाणी नळाने आमच्या पाटात सोडले. इंजिन चालविणारा उस्मान नावाचा सोलापूरचा मनुष्य होता, प्रौढ आणि भला. पहिल्या दिवशी सकाळची पाळी अगदी यादीबरहुकूम झाली. पाणी उलट पूर्वीपेक्षा जोरात होते. पाळीदार खूष झाले. सावली पायाशी आली. सिदाप्पाने दारे बुजवून पाणी खाली सोडले, हातपाय धुतले, काठीकडे पाठ केली, लिंग तळहातावर घेतले आणि दुसरा हात पाटाकडे नेला. इतक्यात इंजिनाचा आवाज बंद पडला. पाटातले उरलेले पाणी त्याच्या बोटांसमोरून निघून गेले आणि मागे ओला चिखल राहिला.

"उस्मानभाई, इंजान बिगडलं काय?"

"बिगडा नहीं, काका. दो पाळी के बीच में बंद रखनेका हुकूम है. डिझल सेठ नाप के देते."

"पर ह्ये मोकळं पाणी..."

"कागद पे नहीं है ना, काका. मेरे हात में रहता तो मैं नक्को बोलता क्या?"

लिंग तळहातावर तसेच कोरडे होते. उस्मान उठला. आपल्या पिण्याच्या मडक्यातले पाणी त्याने आणले आणि सिदाप्पाच्या पशात घातले. सिदाप्पाने ते लिंगावर घातले, डोळे मिटले, लिंग पुन्हा फडक्यात बांधले. भाकरीचे फडके मात्र सोडले नाही. "देवाला मिळालं, उस्मानभाई. भगवान तुमचं भलं करंल. पर डोण कोरडी हाय. म्या कसा खाऊ?" त्या दिवसापासून पाटावर तो दुपारचे जेवला नाही.

मग तो अठरा दारांशी गेला. ज्या माणसाने जन्मभर पाणी वाटले तो थोडे थोडे पाणी मागू लागला. प्रत्येकाने आपली पाळी सरण्याआधी जरा सोडावी, एवढेच त्याचे मागणे. पूर्वी हेच लोक तोंड फिरवून उभे राहत आणि पाणी खाली जाऊ देत. तेच लोक, तेच पाणी. पण आता त्यांच्या पाळ्यांवर तासमिनिटे लिहिली गेली होती. सुभेदारांनी घड्याळ पुन्हा बांधले. ते मऊ आवाजात म्हणाले, "सिदाप्पा, मी नाही म्हणत नाही. पण आज मी सोडलं तर उद्या ठेकेदार म्हणेल, ह्याला लागतच नाही. मग माझं गेलेलं मी कुठं मागू?" हे बोलणे खोटे नव्हते. मेहुण्याने दारातच विचारले, "दाजी म्हणून आलास, का पाटकरी म्हणून?" सिदाप्पा पाणी न पिता परतला.

त्याचा स्वतःचा एक लहान तुकडा होता. त्याची पाळी अठरावी, शेवटची. ती त्याने सबंध वस्तीला दिली. नवव्या दिवशी ते पाणी निघे, पण आठ दिवस उन्हात तापलेला खालचा पाट त्यातले बहुतेक वाटेतच पिऊन टाकी. डोणीपर्यंत चिखल पोचे. सिदाप्पा त्या पाण्याबरोबर अनवाणी चाले आणि जेथे ते संपे तेथे उभा राही. त्याच्या तुकड्यातली ज्वारी त्या साली गुडघ्याएवढी होऊन वाळली.

अखेर आम्ही दोघे एसटीने सोलापुरास कचेरीत गेलो. ते साहेब बदलून गेले होते. नव्या माणसांनी आम्हाला बाकावर बसविले, अर्ज वाचला आणि विचारले, "अर्जदाराचा हक्क कोणता?" सिदाप्पा म्हणाला, "हक्क न्हाय, साहेब. दिलेलं पाणी हाय." "कोणी दिलेलं?" या प्रश्नावर त्याने माझ्याकडे पाहिले. मी पुढे होऊन रीत समजावून सांगितली. ऐकणारा गृहस्थ सहृदय होता. म्हणाला, "मोजमाप असेल तर पुरवणी यादी करता येईल. ओव्हरसियर पाठवतो. त्यांच्यासमोर वेळ मोजून द्या." परतीच्या एसटीत सिदाप्पा खिडकीशी बसला. मग म्हणाला, "मोजून देतो, शास्त्रीबुवा. पाप लागलं तर मला लागंल." मी म्हणावयास हवे होते की, ते वचन माझे होते आणि पापही माझे आहे. मी म्हणालो नाही.

ओव्हरसियर आले. इंजिन खास परवानगीने चालू ठेवले होते. सारे गाव जमले, अठरा पाळीदार आणि डोणीच्या बाजूला वस्तीची माणसे. सिदाप्पा पाटाच्या कडेला बसला. त्याने सवयीने काठीकडे पाठ केली, पण समोर ओव्हरसियर उभे होते आणि त्यांच्या हातात घड्याळ होते. बायकोने तीन भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. त्याने एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावू लागला. सगळे गाव त्याच्या तोंडाकडे पाहत होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घासांकडे कोणी पाहिले नव्हते त्यांच्याकडे त्या दिवशी दोनशे डोळे लागले होते. तो घास त्याच्या घशाखाली उतरेना. तो चावत राहिला. मानेच्या शिरा वर आल्या. त्याने पाण्याचा घोट घेतला, तरी उतरेना.

"खा की रं, बाबा!" सुंदरा ओरडली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "सावकाश खा, पर खा! आमच्याकडं बगू नगंस, खा!"

त्याने घास हातात काढून घेतला. ओव्हरसियर सभ्यपणाने दुसरीकडे पाहू लागले, पण आता उशीर झाला होता. त्यांनी पुष्कळ वेळ वाट पाहिली. मग घड्याळ खिशात ठेवले आणि वहीत लिहिले. मी जवळ उभा होतो, म्हणून मला दिसले. 'मोजमाप होऊ शकले नाही.'

पुढच्या चैत्रात वस्तीचा आड तळाला गेला. एकेक घर उठून सोलापुरास विड्या वळावयास गेले. सुंदराक्काचे घर शेवटी निघाले. गाठोडे डोक्यावर घेऊन ती पाटावरून जात असता सिदाप्पा वाट सोडून खाली चिखलात उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला. मी जवळच होतो; वाटले, आता ही बाई याला चार शब्द सुनावील. तिला अधिकार होता. ती थांबली आणि म्हणाली, "ऊटा आयता, सिदाप्पा?"

ती उत्तरासाठी थांबली. पुष्कळ वेळ थांबली. मग गेली. त्यानंतर सिदाप्पाने तो प्रश्न कोणाला विचारला नाही, माणसाला नाही आणि ढोरालाही नाही.

दोन वर्षांनी रेव संपली. एके सकाळी उस्मानने इंजिन सोडले आणि ट्रकवर चढविले. जाताना तो सिदाप्पाच्या पाया पडला. पाळीदार यादी घेऊन कचेरीत धावले. तेव्हा कळले की बदली पाणी 'खाण चालू असेतोवर' द्यावयाचे होते. ते शब्द मूळ कागदात होते. आम्ही कोणी वाचले नव्हते. मीही नाही, ज्याने सारे आयुष्य वाचण्यात घालविले. न मोजलेले पाणी आधी गेले, मोजलेले त्याच्या मागोमाग गेले. झरा परत आला नाही. गायरानात मोठा खड्डा राहिला आणि त्यात हिरवे, निजलेले पाणी.

सिदाप्पाला मी अखेरचे पाहिले ते त्यानंतरच्या एका वैशाखात, दुपारी. देवळाकडून येत होतो. तो खड्ड्यातून घागर भरून आणीत होता. आधी खड्ड्याची चढण, मग पाऊण कोसाची वाट. त्याने घागर ढोरांच्या दगडी डोणीत ओतली. मला पाहून, इतक्या वर्षांनी, तो म्हणाला, "ऊटा आयता, शास्त्रीबुवा?"

"झाले," मी म्हणालो.

"माझं ऱ्हायलंय." तो डोणीकडे पाठ करून बसला. कमरेचे फडके सोडून त्याने भाकरी काढली. डोण वर्षानुवर्षे कोरडी राहून उन्हाने तडकली होती. पाणी फटीतून बाहेर झिरपत होते. ढोर एकही जवळ नव्हते. गावात ढोरे उरली होती तीच थोडी.

"सिदाप्पा, डोणीला तडा गेला आहे."

"ठावं हाय की."

"पाणी राहत नाही."

"भाकरी हुईस्तवर ऱ्हातंय," तो म्हणाला आणि त्याने घास मोडला.

मी उभा होतो. माझे डोळे त्याच्या हाताकडे गेले. एक घास, दोन घास. माझ्या ध्यानात येण्यापूर्वीच माझी बोटे हलू लागली होती. त्याने मान न वळविता, हसऱ्या आवाजात म्हटले, "शास्त्रीबुवा, तिकडं बगा की जरा."

मी पाठ फिरविली. समोर रिकाम्या वस्तीच्या भिंती होत्या. मागे डोणीचे पाणी फटीतून ठिबकत होते आणि तो सावकाश, गाईसारखा, चावत होता. काही वेळाने ठिबकण्याचा आवाज थांबला. चावण्याचा आवाज मात्र चालूच होता. मी वळून पाहिले नाही, तसाच चालत निघालो. त्या पौषात तो गेला. मी त्या वेळी परगावी होतो.

वाचकहो, तुमच्या घरावर त्या भवाची कृपा असो. तुमच्या रांजणात पाणी असो, आणि उंबऱ्यापलीकडे कोणी तहानलेले उभे असेल तर त्यालाही त्यातले मिळो. जे कागदावर असावयास हवे ते कागदावर आणण्याचे शहाणपण तुमच्या शिकलेल्यांना वेळेवर सुचो. मला ते सुचले नाही. आणि तुमच्या घरी कोणी जेवावयास बसले असता तुमच्या मुलाबाळांची नजर त्याच्या घासांवरून आपोआप दुसरीकडे वळो. शिवार्पणमस्तु.